जायफळाचे सात वळसे

मी एक जुनी सहाण आहे. चंदनाची नव्हे, बाळाच्या गुटीची. तळहाताएवढा गोल दगड, एका कडेला लहानशी पन्हळ, आणि मधोमध बायकांच्या हातांनी पाडलेला खळगा. सध्या मी इंदूरला, रामबागेतल्या एका रिकाम्या बिऱ्हाडात मोरीच्या कठड्यावर पडून आहे. मित्रांनो, दगडाला आठवण नसते असं लोक समजतात. म्हणून तर दगडासमोर ते काहीही करतात.

मी नर्मदेकाठच्या दगडाची. एका म्हाताऱ्या पाथरवटानं मला घडवलं आणि इंदूरजवळच्या बेटम्याच्या हाटात पोत्यावर मांडलं. बेटम्याच्या शाळामास्तरांच्या बायकोनं मला हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, नखानं खरवडून पाहिलं. पाथरवट हसला. "बई, यो भाटो हे. तमारी पोती की पोती तक चलेगो." नातीच्या नातीपर्यंत पुरेल असा दगड, असं त्याचं म्हणणं. तिच्या लेकीचं, सरलाचं, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. बाळंतीण इंदूरला सासरी निघाली, तेव्हा डिंकाच्या लाडवांच्या डब्याशेजारी फडक्यात गुंडाळलेली मी होते, आणि माझ्या पोटाशी गुटीची पुरचुंडी.

सासरी पुरचुंडी सुटली. सरलाची सासू अंबिकाबाई डोकावून म्हणाल्या, "विहीणबाईंनी दूध पाजायला चांदीचं बोंडलं दिलं नाही वाटतं? दगड दिलाय होय! चला, टिकेल तरी." त्यांचे कैलासवासी यजमान होळकर सरकारच्या दफ्तरात होते. त्यामुळे कुठलीही वस्तू त्यांना दरबाराच्या मानानं थोडी कमीच वाटायची.

पण मी कामाला लागले आणि घराची लाडकी झाले. गुटी म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. सकाळी बाळाला तेल लावून, न्हाऊ घालून झालं की सरला मला पुढ्यात घ्यायची. आईच्या दुधाचे चार थेंब माझ्यावर पडायचे. मग वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, बदाम, खारीक एकेक करून माझ्यावर गोल फिरायचं. एक फेरा म्हणजे एक वळसा. कशाचे चार, कशाचे दोन. सगळ्यांत शेवटी जायफळ. त्याचा वळसा फक्त अर्धा, कारण जायफळानं झोप येते. सरलाचा नियम होता: गुटी सकाळीच, तिच्याच हातची, जायफळ अर्ध्याच्या वर एक रेघही नाही. हात फिरायचा आणि तोंडानं ओवी चालायची.

वेखंडाचा गं वळसा, बोल फुटो बाळा तुला,
बेटम्याच्या वाटेवर हाक मार आजोळाला.
जायफळाचा वळसा, अर्ध्यातच थांबे हात,
झोप हवी गं चिमूट, नको पुरी काळी रात.

पहिली मुलगी. कागदावर तिचं नाव यशोधरा होतं, पण ते कागदावरच राहिलं. घरीदारी ती बेबी. माझ्यावरची गुटी चाटत ती अशी बाळसेदार झाली की शेजारची सुलोचना विचारायची, "सरला, कोणत्या वैद्याची गुटी गं? तुझी छोरी तर एकदम लोण्याचा गोळा आहे!" सरला माझ्यावरून हात फिरवायची. "आईनं दिलेली सहाण आहे," म्हणायची. तो ओला हात मला अजून आठवतो.

बेबी सव्वादोन वर्षांची झाली आणि शरद जन्मला. मग त्या दोन खोल्यांत जे सुरू झालं, ते ज्यांच्या घरी एक रांगतं-पळतं आणि एक मांडीवरचं आहे, त्यांनाच कळेल. एक झोपलं की दुसरं पडायचं. पडलं की रडायचं. रडलं की झोपलेलं उठायचं. सरलाच्या एका कडेवर शरद, दुसऱ्या हाताला बेबीनं धरलेला पदर, आणि चुलीवर दूध उतू. वर बेबीचं भावावर भारी प्रेम. स्वतःच्या तोंडातला बिस्कुटाचा ओला तुकडा काढून ती त्याच्या तोंडात कोंबायची. चिंध्यांची बाहुली त्याच्या अंगावर पांघरायची. "माजं बाळ आहे," ती सगळ्यांना सांगायची. गुटीच्या वेळी तर माझ्यासमोर फतकल मारून बसायची आणि रिकाम्या जमिनीवर बोट गोल गोल फिरवायची. कुणी "शहाणी गं माझी बेबी" म्हटलं की तिचा चेहरा ताटलीएवढा व्हायचा.

मुलांचे वडील श्रीकृष्णराव सचिवालयात कारकून होते. तेव्हा नवं राज्य झालं होतं, मध्य भारत नावाचं. त्याला राजधान्या दोन. उन्हाळ्यात इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. थंडी पडू लागली की फायलींच्या पेट्यांबरोबर कारकूनही ग्वाल्हेरला जायचे, ते होळी झाल्यावर परत. म्हणजे वर्षातला निम्मा काळ घरात चारच बायका: सरला, सासू अंबिकाबाई, श्रीकृष्णरावांची मॅट्रिकला बसलेली बहीण शशिकला, आणि बेबी. बेबी पावणेतीन वर्षांची, पण मोजायला हवी. पुढे सगळं तिच्यावरच आलं.

पौष महिना होता. संक्रांतीला शरदचं बोरनहाण करायचं होतं. त्या दिवशी बाळाला हलव्याचे दागिने घालतात, माहीत आहे ना? तो हलवा सरला घरीच करत होती. मंद शेगडीवर परात, परातीत खसखस, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक, आणि सतत फिरणारी बोटं. तीन सकाळी असं केल्यावर त्या दाण्यांना काटे फुटतात. मध्येच हात थांबला तर सगळा गोळा होतो.

तिसरी सकाळ. मालिश करायला येणारी लक्ष्मी शरदला न्हाऊ घालून गेली. शरदला दात येत होते. तो काही केल्या झोपेना. परातीत नुकतेच काटे फुटू लागले होते. सरलानं मला पुढ्यात घेतलं. त्या दिवशी ओवी म्हटली नाही. जायफळाचा अर्धा वळसा झाला. हात थांबला. तिनं शेगडीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि हात पुन्हा फिरला. एक पूर्ण. मग दुसरा. पदरानं तिनं मला इतकं घासून पुसलं की जायफळाचा वासही राहू नये.

शरद झोपला. हलवा छान झाला.

दुपारी सरला नळावर धुणं घेऊन गेली. शरद उठून रडू लागला. अंबिकाबाईंची वामकुक्षी मोडली. त्या उठल्या, मला कोनाड्यातून काढलं. "अर्धा वळसा म्हणे! आमची सहा पोरं काय अशी रेघा मोजून वाढली?" आणि फिरवले दोन. बोट शरदच्या तोंडात, मला पालथी कोनाड्यात, आणि त्या परत घोंगडीवर.

तीन वाजता सरला दागिने ओवायला सुलोचनाकडे गेली. जाताना नणंदेला म्हणाली, "शशी, जरा लक्ष ठेव हं. आता झोपलाय, उठला तर हाक मार." शशिकलासमोर बीजगणित होतं. दोन महिन्यांवर परीक्षा. शरद अर्धवट झोपेत कुरकुरला. वहिनीला हाक मारायची तर पोरांना सांभाळता येत नाही हे ऐकून घ्यावं लागेल. तिनं मला ओढलं. ती मोजत नव्हती, मी मोजत होते. घाईघाईचे तीन. मला तशीच कोनाड्याच्या काठावर ठेवलं, जायफळ माझ्या पाठीवर.

दोन, दोन आणि तीन. मित्रांनो, मला एवढाच हिशेब येतो.

शशिकला वहीत बुडाली आणि बेबी उठली. तिनं मला कोनाड्यातून ओढलं. जायफळ माझ्याबरोबर जमिनीवर आलं आणि बाजूला घरंगळलं. तिनं त्याला हातही लावला नाही. झबल्याच्या खिशातून एक चिंचोका काढला, आपल्या पेल्यातलं पाणी माझ्यावर ओतलं आणि तो चिंचोका गोल गोल फिरवला. चिंचोका कसला उगाळतोय! माझ्यावर पाणीच राहिलं. ते तिनं बोटावर घेतलं, पाळण्यावर वाकली, झोपलेल्या भावाच्या ओठांना लावलं. "श्याणं बाळ. गुती घे हं."

तेवढ्यात सरला आली. हातात हलव्याचा हार, पांढराशुभ्र, काटेरी. गळ्यात होतो की नाही पाहायला तिनं शरदला उचललं, तर त्याची मान मागे पडली. अंग तापलेलं, तोंड लाल, तळवे गार. हाक मारली, गालावर चापटी मारली. डोळा उघडेना.

"काय झालं याला? कुणी काही दिलं का? बोला ना कुणी!"

अंबिकाबाई दारात उभ्या होत्या. शशिकला वहीवर पेन धरून उभी होती. कुणी बोललं नाही. सरलाही स्वतःबद्दल बोलली नाही. तेव्हा बेबी पुढे आली. आईनं प्रश्न विचारला होता आणि उत्तर तिला येत होतं. ती छाती पुढे काढून म्हणाली, "मी! मी दिली गुती बाळाला."

सगळ्यांनी खाली पाहिलं. ओली मी. माझ्याशेजारी जायफळ.

त्या क्षणी तीन मोठ्या माणसांनी रोखलेला श्वास एकदम सोडला. मी तो ऐकला.

मग सरलानं बेबीला मारलं. आजवर कधी मारलं नव्हतं. बेबी रडली नाही, नुसती बघत राहिली. शाबासकी कुठे गेली ते तिला कळेना.

टांग्यातून डॉक्टर आले. पापण्या उघडून पाहिल्या, नाडी धरली. "जायफळ बरंच गेलंय पोटात. कुणी उगाळलं?"

"ही आमची कार्टी," अंबिकाबाई म्हणाल्या. "आईची नक्कल करते. क्या बताऊं डॉक्टरसाहेब, घडीभर नजर हटवायची सोय नाही."

डॉक्टरांनी बेबीकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं, पण शरद त्यांच्या हातात होता आणि तो जास्त महत्त्वाचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिलचा भोंगा झाला तेव्हा शरद हलला, आणि नळाला पाणी आलं तेव्हा रडला. डॉक्टर पुन्हा येऊन पाहून गेले. "काही राहिलेलं नाही. पोरगं ठणठणीत आहे." लक्ष्मी तेलाची वाटी घेऊन आली, तिनं सगळं ऐकलं. मग बेबीचा हात आपल्या हातात घेतला, बोटं दाबून पाहिली, आणि म्हणाली, "बई, इत्ती-सी छोरी का हाथ में इत्तो जोर कां से आयो? जायफल तो म्हारा हाथ से भी नी घिसे."

एवढ्याशा हातात इतका जोर कुठून आला, हा साधा प्रश्न होता. तिघींपैकी कुणीही त्याचं उत्तर देऊ शकली असती.

"लक्ष्मीबाई," सरला म्हणाली, "आपण आपलं काम करा."

पुढच्या महिन्यापासून मालिशला दुसरी बाई आली.

बोरनहाण झालं. शरदला हलव्याचा हार, बाजूबंद, मुकुट. त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हलवा ओतला, आणि शेजारची पोरं वेचायला धावली. बेबीही धावली. अंबिकाबाईंनी तिला दंडाला धरून मागे घेतलं. "तू नाही. तू दूर बस." सुलोचनाच्या घरच्या बायका एकमेकींना विचारत होत्या, "हीच का ती?" "हो हो, हीच." "अरे बाप रे, एवढीशी!" आणि हसत होत्या. वाईट मनानं नाही. ती एक मजेची गोष्टच झाली होती.

होळी झाल्यावर श्रीकृष्णराव ग्वाल्हेरहून आले, त्यांनाही तीच गोष्ट मिळाली. तेही हसले. "काय डॉक्टरीणबाई, आज कुणाला झोपवताय?" त्या घरात पाहुणा आला, चहा झाला की ती गोष्ट निघायची. बेबी कोपऱ्यात उभी राहून ऐकायची. असं करता करता तिला ती आठवूही लागली. पावणेतिनाचं काय आठवणार? पण शंभरदा ऐकल्यावर आठवतं. चिंचोका गोष्टीत नव्हता, म्हणून तो ती विसरली. जायफळ गोष्टीत होतं, ते तिच्या हातात येऊन बसलं.

माझी गुटी त्या दिवसापासून बंद. मला फेकलं नाही, पण पुन्हा पदरानं पुसलंही नाही. मांजरानं तोंड घालू नये म्हणून दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर वजनाला मला ठेवलं. तिथून मला सगळं दिसायचं. शरद रांगत बेबीकडे जायचा, कुणीतरी त्याला उचलून न्यायचं. तो तिच्या नावानं रडायचा, "बेबी तायडी", आणि ती आपली बाहुली घेऊन भिंतीकडे तोंड करायची. शरद उशिरा चालला. "तेव्हापासूनच जरा मंद आहे." शरदला पाढे येईनात. "डोक्यावर परिणाम झालाच शेवटी." डॉक्टर काय म्हणाले होते ते कुणालाच आठवत नव्हतं.

बहिणीच्या गं मांडीला, भाऊ बसेना बसेना,
कुणी ओढली ही रेघ, रेघ दिसेना दिसेना.

ही ओवी सरलाची नव्हे. तिनं त्यानंतर ओवी म्हटली नाही. ही माझी.

सहा वर्षं गेली. मध्य भारत संपला. नवं मोठं राज्य झालं, त्याची राजधानी भोपाळ. श्रीकृष्णरावांना आता ग्वाल्हेरही नाही आणि इंदूरही नाही, कायमचं भोपाळ. घर आवरायला निघालं. त्याच दिवसांत सरलाला तिसरं बाळ झालं होतं, मुलगी, चारुलता. लग्न होऊन उज्जैनला गेलेली शशिकला निरोपाला आली होती. बऱ्याच वर्षांनी त्या तिघी एका दुपारी एका खोलीत होत्या. मध्ये सामानाच्या ट्रंका, झाकणावर मी.

चारू रडायला लागली. सरलाचे दोन्ही हात भांडी बांधण्यात. "बेबी, जरा हिला घे गं."

बेबी आता जवळपास नऊ वर्षांची. ती उठली, दोन पावलं आली, आणि थांबली. दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको आई."

"अगं घे ना, तुझीच बहीण आहे."

"नको. माझ्या हातून होईल काहीतरी."

"काय होईल?"

"शरदसारखं," ती म्हणाली, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली. हात मांड्यांखाली दाबून.

शशिकलानं चारूला उचललं. सरला भांड्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी दोन वळसे दिले होते जायफळाचे. हलवा बिघडला असता म्हणून."

अंबिकाबाईंनी मान वर केली. "दुपारी मी पण दिले. मला वाटलं, माझ्यानंच झालं."

"आणि मी पण!" शशिकला जवळजवळ ओरडलीच. "मी तर मोजले पण नाहीत. वहिनी, मी सहा वर्षं देवापुढे हात जोडते आहे हो."

तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग शशिकलाला हसू फुटलं. रडता रडता फुटतं तसं. सरलाही हसली, डोळे पुसत. अंबिकाबाई म्हणाल्या, "गाढव आहोत आपण तिघीही." किती हलक्या झाल्या होत्या त्या! सहा वर्षांचं ओझं एका दुपारी उतरलं. मला वाटलं, आता सरला उठेल. ओटा चार पावलांवर होता.

सरला खरंच उठली. दारापर्यंत गेली. बेबीची पाठ तिला दिसत होती.

"कशाला आता?" अंबिकाबाई मागून हळूच म्हणाल्या. "शरद चांगला आहे. पोर लहान होती, विसरेल. आणि आईनंच, आजीनंच... हे पोरीला सांगायचं? काय वाटेल तिला आपल्याबद्दल?"

"जाऊ द्या वहिनी," शशिकला म्हणाली. "हो गया ना."

सरला दारातच उभी राहिली. मग म्हणाली, "बेबी, आत ये. उन्हात बसू नको."

एवढंच म्हणाली.

दुसऱ्या सकाळी दोन टांगे आले. सामान चढलं. श्रीकृष्णरावांनी मला हातात घेतलं, "याचं काय करायचं?" सरलानं माझ्याकडे पाहिलं नाही. "राहू द्या. दगडाचं ओझं कशाला." त्यांनी मला मोरीच्या कठड्यावर ठेवलं. मोरीच्या झरोक्यातून मला दिसलं, टांग्यात चारू एका मांडीवरून दुसरीवर गेली: आजीच्या, आत्याच्या, आईच्या. शरदच्याही मांडीवर ती घटकाभर बसली. बेबीच्या मांडीवर पाण्याची सुरई होती.

मित्रांनो, मला पुन्हा कुणी पुसून घ्यावं, माझ्यावर गुटी उगाळावी, असं मी मागत नाही. माझी झीज झाली ती झाली. पण तुमच्याही घरी लहान भावंडं असतील. त्यांचा हात एखाद्या दिवशी ओला दिसेल, त्यांच्या शेजारी काहीतरी सांडलेलं असेल, आणि तेच म्हणतील, "मी केलं," कारण त्यांना वाटत असेल की शाबासकी मिळेल. त्या वेळी तुमच्या हातून काय काय झालं होतं, ते आधी आठवा. आणि आठवलं, तर ते एकमेकांना सांगून मोकळे होऊ नका. ज्याच्या डोक्यावर ठेवलंत, त्याच्यासमोर बसून सांगा. मोठ्यांची मान थोडी खाली जाईल. लहानाचे हात तरी पुढे येतील.

आणि तुमच्यापैकी कुणी भोपाळला गेलं, आणि यशोधरा नावाची एक मुलगी भेटली, जी बाळ दिसलं की हात पाठीमागे नेते, तर तिला माझा निरोप द्या. तिनं उगाळला तो चिंचोका होता आणि तिच्या बोटावर नुसतं पाणी होतं, म्हणावं. पण हे सांगून ती ऐकणार नाही. तिनं दुसरी गोष्ट फार वेळा ऐकली आहे. म्हणून आधी तिच्या मांडीवर एखादं बाळ ठेवा. मग सांगा.